स्वस्त काडतूस कुठं चालतं, कुठं अडतं?

पॉइंट टू-टूची स्वस्त काडतुसं भरवशाची असतात का, असं नवे नेमबाज मला नेहमी विचारतात. मी उलट विचारतो, हातात काय आहे?

या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये असतो. तो एखाद्या जागी कमी पडला, तर चाप ओढूनही बार उडत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो. मग रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड मात्र बाराच्याच जोरावर मागे जाते. दारू कमी भरली असेल, तर रिकामी पुंगळी तिथंच अडकते.

म्हणजे रिव्हॉल्व्हर बरं? थांबा. आवाज फुसका आला, तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते. पिस्तूल अशा वेळी बहुधा आपोआप अडतं. रिव्हॉल्व्हर अडत नाही. मागून दुसरी गोळी गेली की नळी फुगते, फाटतेसुद्धा. म्हणून फुसका बार झाला की थांबा, हत्यार रिकामं करा, नळी तपासा.

आणि स्पर्धेआधी नव्या काडतुसांचा ५०चा एक डबा स्वतःच्याच पिस्तुलातून उडवून बघा.