ओली बाळंतीण आणि कोरडा कायदा

आमची आई बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी खुरपणीला गेली. तान्हे पोर बांधावरच्या झोळीत होते. खाडा केला तर मजुरी बुडत होती. पुढे आम्ही कायदा शिकलो, पण शेतमजूर आईसाठी पगारी रजेचे कलम सापडले नाही.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचेच हित आहे, असे त्यांनी बजावले. 1929 ला कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार आईची रजा 12 वरून 26 आठवडे झाली. मग ऊसतोड करणाऱ्या ओल्या बाळंतिणीने काय गुन्हा केला? बंधू-भगिनींनो, मजुरीसह विश्रांती ही भीक नव्हे, हक्क आहे. तो मागितलाच पाहिजे!