दूधभाताची शपथ

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ दोन पॅनलमध्ये गेले, की आमच्या लोणीत पहिली चर्चा होते ती त्यांच्या आईची. "आता म्हातारीनं शिक्का मारायचा तरी कुणावर?" तीनशे वर्षांपूर्वी असाच पेच घराघरांत पडला होता. तेव्हा प्रश्न मताचा नव्हता, जिवाचा होता. त्यातली मोठी लढाई झाली ती आमच्यापासून फार लांब नाही, पाबळच्या पलीकडे खेडला, भीमेकाठी.

मैत्रिणींनो, १७०७ साली औरंगजेब वारला आणि मोगलांनी शाहूराजांना सोडलं. आई येसूबाई मात्र १७१९पर्यंत ओलीसच राहिल्या. इकडे चुलती ताराबाई आपल्या मुलासाठी गादी राखून होत्या. शाहूंविरुद्ध लढण्यासाठी त्यांनी सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली, असं सांगतात. लेकराला भरवायचा घास, आणि त्यावर भाऊबंदकीची शपथ!

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला फौजा समोरासमोर आल्या. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी मात्र शपथेला जागले आणि माघार घेऊन साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसले. किल्ल्यावरचा अधिकारी होता शेख मिरा. त्याची बायकामुलं वाईला होती. शाहूंच्या माणसांनी ती धरली आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली. शेख मिरानं पंतांनाच कैद केलं आणि किल्ला शाहूंच्या हवाली केला.

पंत पुढे सुटले, पण त्यांचा मुलगा कृष्णाजी विशाळगडावर गेला आणि कोल्हापूरकरांना मिळाला. संशयानं पंत पुन्हा कैदेत! त्यांचे डोळे काढायचा हुकूम झाला होता, खंडो बल्लाळांनी रदबदली केली म्हणून वाचले, असं म्हणतात. दुसरा मुलगा श्रीपतराव शाहूंजवळच राहिला. १७१८ साली पंत वारल्यावर साताऱ्याचं प्रतिनिधिपद त्याला मिळालं. एक भाऊ साताऱ्याचा, एक कोल्हापूरचा. घर दुभंगलं ते दुभंगलंच.

पंतांच्या निष्ठेचं कौतुक आपण जरूर करावं. शेख मिराला मात्र चटकन फितूर म्हणू नये. वाईत धरलेल्या त्याच्या बायकोनं कुणाचीच बाजू घेतली नव्हती. दूधभाताला तर तिनं हातही लावला नव्हता.