नेत्ररोपणात नेमकं काय बदलतात?

1905 सालचा डिसेंबर. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स शहरात डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे एक मजूर उपचार घेत होता. चुन्याने भाजून त्याचे दोन्ही डोळे पांढरे पडले होते. अशातच अकरा वर्षांचा एक मुलगा तिथे आला. त्याच्या डोळ्यात लोखंडाची कच घुसली होती आणि तो डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता. पण त्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शाबूत होता. झिर्म यांनी त्यातून दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवल्या. एक फसली. दुसरी मात्र स्वच्छ राहिली आणि मजूर पुन्हा कामाला लागला. माणसाच्या डोळ्यावर यशस्वी झालेलं पूर्ण जाडीचं हे पहिलं पारपटल-रोपण.

या शस्त्रक्रियेला शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्याकडे ‘अमक्याचा डोळा तमक्याला बसवला’ असंच बोललं जातं. अख्खा डोळा बसवून दृष्टी आणणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रचेतेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि ते एकदा तुटले की पुन्हा जोडता येत नाहीत. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या शल्यचिकित्सकांनी एका रुग्णाला संपूर्ण डोळा बसवला, त्यात रक्तपुरवठाही सुरू झाला, पण दृष्टी आली नाही.

बदललं जातं ते फक्त पारपटल, म्हणजे कॉर्निया. डोळ्याच्या अगदी पुढे असलेला, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा. डोळ्याचा काळा, घारा किंवा निळा रंग त्याच्यामागच्या बुबुळाचा असतो, त्यामुळे रोपणानंतर रंग तोच राहतो. दात्याने पाहिलेली दृश्यं रुग्णाला दिसू लागतात, ही करामत फक्त पटकथालेखकांची. पारपटलात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून मूत्रपिंडासारखी ऊती जुळवून बघण्याची किंवा रक्तगट जुळण्याची वाट साधारणपणे पाहावी लागत नाही.

‘रोपण केलं की कुठलंही अंधत्व जातं’ हा समज जास्त दुखावणारा, कारण त्यावर घरच्यांनी आशा बांधलेली असते. काचबिंदूने नेत्रचेता वाळली असेल किंवा मधुमेहाने मागचा पडदा खराब झाला असेल, तर पुढचा पडदा कितीही स्वच्छ बसवला तरी उपयोग नाही. फायदा होतो तो पारपटलावर फूल पडलेल्यांना, ते सुजलेल्यांना किंवा त्याचा आकार बिघडलेल्यांना. ही संख्या लहान नाही. 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण पारपटलावरचं फूल हेच निघालं.

बरं, रोपण म्हणजे एकच ठरावीक ऑपरेशन असंही नाही. फूल आरपार असेल तर पूर्ण जाडीचं पारपटल बदलतात आणि ते नायलॉनच्या अतिसूक्ष्म टाक्यांनी शिवतात. पण पारपटलाला थर असतात आणि बिघाड बहुधा एखाद्याच थरात असतो. केराटोकोनसमध्ये, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं तेव्हा, सगळ्यात आतला थर चांगला असला तर तो तसाच ठेवून पुढचे थर बदलतात. त्यातही सुरुवातीच्या रुग्णांना रोपण लागतच नाही. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांनी पारपटल ताठ करणारं क्रॉस-लिंकिंग केलं, की आजार बहुधा तिथेच थांबतो. नजरेसाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स मिळते.

सगळ्यात आतला थर बिघडला तर गोष्ट वेगळी. या थरातल्या पेशी पारपटलातलं पाणी सतत बाहेर टाकत असतात आणि एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. काहींच्या बाबतीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हा थर दुबळा पडतो, पारपटल सुजतं आणि नजर धुरकट होते. यासाठी नेदरलँड्समधले डॉ. गेरिट मेलेस यांनी ‘डीमेक’ ही पद्धत रुजवली. दात्याच्या पारपटलावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा एकच थर सोलून काढतात. सोलताच तो स्वतःभोवती गुंडाळला जातो. दिसावा म्हणून त्याला निळा रंग देतात, बारीक छेदातून नळीने डोळ्यात सोडतात आणि वरून हलक्या टिचक्या मारत उलगडतात. मग खाली हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडला की तो वर ढकलला जाऊन चिकटतो. रुग्णाचं काम एवढंच, की छताकडे बघत उताणं पडून राहायचं. टाके जवळजवळ नाहीतच, आणि नजर काही आठवड्यांत सुधारू लागते.

चुन्याने भाजलेल्या डोळ्याचं तंत्र आणखी निराळं. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब हाताळताना तो मुलांच्या डोळ्यात उडाल्याच्या घटना आपल्याकडे नवीन नाहीत. पारपटलाच्या कडेला असलेल्या मूळपेशी त्यात जळाल्या, तर नुसतं नवं पारपटल बसवून ते टिकत नाही. अशा वेळी चांगल्या डोळ्याच्या कडेचा एक लहानसा तुकडा घेऊन त्याचे कण जखमी डोळ्यावर लावतात. ही पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान यांनी विकसित केली. मात्र चुना उडाला त्या क्षणी दिसतील ते कण काढून डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास धुणं, हा उपचार या सगळ्यांहून मोठा आहे. दवाखान्याची वाट त्यानंतर धरावी.

आता पट्टी सोडल्यावर काय? पूर्ण जाडीच्या रोपणात नजर स्थिरावायला कित्येक महिने, कधी वर्षभरही लागतं. टाके टप्प्याटप्प्याने काढतात, चष्मा लागतोच आणि स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ चालतात. शरीर परक्या पेशींवर कधीही उलटू शकतं. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, दुखणं, नजर मंद होणं यातलं काहीही दिसलं तर उद्यावर न टाकता डॉक्टरांकडे जावं. वेळीच उपचार मिळाले तर बरीच रोपणं वाचतात. उलट उसाच्या किंवा भाताच्या पातीने डोळा खरचटल्यावर हेच स्टेरॉइडचे थेंब मेडिकलमधून परस्पर आणून घातले, तर बुरशीचा संसर्ग फोफावतो आणि ज्याला औषधानेच बरं वाटलं असतं त्याच्यावर रोपणाची वेळ येते.

दात्याबद्दलचे गैरसमज त्या मानाने लवकर निकालात निघतात. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, उतारवय, झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांपैकी कशानेही नेत्रदान सहसा अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर ते डोळे रोपणासाठी वापरत नाहीत. प्रशिक्षित माणूस घरी येऊन पाऊण तासाच्या आत काम आटोपतो, आणि चेहरा विद्रूप होत नाही. डोळे विकणं-घेणं कायद्याने गुन्हा आहे.

नुसता प्रतिज्ञापत्राचा कागद कपाटात पडून राहिला तर काही होत नाही, कारण प्रत्यक्ष संमती घरच्यांनी द्यायची असते आणि डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घरातल्या एकाहून जास्त फोनमध्ये असू द्या. प्रसंग आलाच तर पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि फोन लावा.