गोठलेल्या भाड्याचं राजकारण

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत महिन्याला शंभर रुपयांच्या आत भाडं भरणारी बिऱ्हाडं अजून सापडतात. शेजारच्या टॉवरमधला फ्लॅट मात्र कोटींच्या घरात. या तफावतीमागे एक कायदा आहे आणि कायद्यामागे मतांचं गणित.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. वेळेवर भाडं भरणाऱ्याला घरमालक सहजासहजी बाहेर काढू शकेना. कायदा खरं तर तात्पुरता होता, पण मुदत संपत आली की ती वाढवली जाई. मालक एक, भाडेकरू चाळीस-पन्नास आणि सगळे त्याच वॉर्डातले मतदार. मग कोण हात लावणार? शिवाय कामगारांसाठी पुरेशी घरं बांधायची तर तिजोरी मोकळी करावी लागली असती. भाडं गोठवायला सरकारला दमडीही लागत नव्हती.

गोठलेल्या भाड्याचा आधार खराच होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि पगार बंद झाले. भाडं बाजारभावाने असतं तर परळ-लालबागमधल्या किती बिऱ्हाडांना मुंबई सोडावी लागली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

या आधाराचा खर्च आधी मालकाच्या अंगावर पडला आणि मग इमारतीच्या. मालकांनी डागडुजी सोडली, कमाई शोधली ती पागडीत, म्हणजे भाडेकरू बदलताना घेतलेल्या एकरकमी पैशात. इमारती कोसळू लागल्यावर बेडेकर समिती नेमली गेली आणि 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. सुमारे 19,600 इमारती दुरुस्ती-उपकराच्या यादीत आल्या. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात गेलं. दुरुस्ती आता सरकारी काम झालं, पण जिन्याखालचे टेकू हटले नाहीत.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. त्यानंतरच्या 1999 च्या कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या कंपन्या संरक्षणाबाहेर काढल्या. त्यांना मत नसतं. घरगुती भाडेकरूला मात्र वर्षाला चार टक्के वाढ लागली. पन्नास रुपयांवर पहिल्या वर्षी दोन रुपये. पागडीलाही कायद्याने मान्यता मिळाली.

कैरोतही भाडी अशीच दशकानुदशकं गोठलेली होती. इजिप्तच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी, सात वर्षांत घरांचे जुने करार संपवणारा कायदा आला. म्हणजे तिथे झळ भाडेकरूला बसणार आहे.

मुंबईने ही झळ टाळण्यासाठी वेगळी वाट काढली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत आलेल्या 33(7) या नियमानुसार बिल्डरने भाडेकरूंना नवी घरं मोफत द्यायची आणि वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकाम, विकून खर्च भरून काढायचा. इथेही तिजोरीला तोशीस नाही. पण नफ्याचं गणित जुळेल तिथेच बिल्डर येतो. मोठ्या रस्त्यावरच्या मोक्याच्या चाळीला तो लवकर मिळतो. अरुंद गल्लीतल्या, छोट्या भूखंडावरच्या इमारतीचे भाडेकरू दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींच्या यादीत आपल्या इमारतीचं नाव शोधतात.