पंतप्रधानपद जवळ, राष्ट्राध्यक्षपद दूर : समलिंगी नेत्यांची पंधरा वर्षे

समलिंगी असल्याचे न लपवता पंतप्रधानपदी पोहोचलेली पहिली व्यक्ती म्हणजे आइसलँडच्या योहाना सिगुर्दारदोत्तिर. २००८ मध्ये तिथल्या बड्या बँका बुडाल्या, लोक संसदेसमोर भांडी बडवू लागले आणि जानेवारी २००९ मध्ये सरकार कोसळले. योहाना १९७८ पासून संसदेत होत्या. समाजकल्याण खाते सांभाळताना त्यांनी लोकांचा विश्वास कमावला होता. १ फेब्रुवारीला त्या पंतप्रधान झाल्या. त्यांच्या जोडीदाराचे अप्रूप परदेशी वृत्तपत्रांनाच अधिक होते. एप्रिलमध्ये त्यांच्या आघाडीने निवडणूकही जिंकली.

पुढे बेल्जियममध्ये एलियो दी रूपो (२०११) आणि लक्झेंबर्गमध्ये झाविए बेतेल (२०१३) आले. आयर्लंडच्या लिओ वराडकरांचे मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, त्यामुळे २०१७ मध्ये पक्षाच्या नेतेपदी आणि त्यातून पंतप्रधानपदी झालेली त्यांची निवड महाराष्ट्रातही गाजली. त्या निवडीतली मेख मात्र फारशी चर्चेत आली नाही : पक्षाच्या सामान्य सदस्यांची बहुसंख्य मते प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना पडली होती, वराडकरांना तारले ते खासदारांनी. त्याच वर्षी सर्बियात आना ब्रनाबिच यांची नेमणूक झाली. सरकार त्यांच्या हाती होते, पण त्यांच्या स्वतःच्या सहजीवनाला देशात कायद्याची मान्यता नव्हती, असा हा उफराटा प्रकार. फ्रान्सचे गाब्रिएल अताल (२०२४) यांनाही राष्ट्राध्यक्षांनीच नेमले. लाटव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एडगर्स रिंकेविच यांची निवड २०२३ मध्ये संसदेने केली, तीही १०० पैकी जेमतेम ५२ मतांनी.

म्हणजे पक्ष, संसद किंवा नेमणूक या वाटा खुल्या झाल्या. साऱ्या देशाने मतदान करून राष्ट्राध्यक्ष निवडायचा, तिथे घोडे अडते. अमेरिकेत पीट बुटजज २०२० मध्ये आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात चमकले, पण पक्षाची उमेदवारी मिळण्याआधीच मार्चमध्ये शर्यतीतून बाहेर पडले. फिनलंडचे पेक्का हाविस्तो मात्र दोनदा अंतिम फेरीपर्यंत गेले. २०१२ मध्ये त्यांना ३७.४ टक्के मते मिळाली. २०२४ मध्ये अलेक्झांडर स्टुब यांच्याविरुद्ध ती ४८.४ टक्क्यांवर गेली. या पराभवाचे खापर केवळ लैंगिकतेवर फोडता येत नाही. हाविस्तो छोट्या ग्रीन पक्षाचे, तर स्टुब पंतप्रधानांच्या पक्षाचे आणि स्वतः माजी पंतप्रधान. बारा वर्षांत मतांची दरी पंचवीस टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांपर्यंत आली, हे मात्र आकडेच सांगतात.