सामन्याच्या वर्गणीत काय काय येते?

छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्यास लागले की चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास चितेगाव येते. नाथांच्या दर्शनास निघालेला प्रवासी येथे सहसा थांबत नाही. परंतु ज्या विषयाचा उलगडा आम्हांस करावयाचा आहे, त्याची निम्मी कथा या एका गावात घडून गेलेली आहे. व्हिडिओकॉन या नावाचे दूरदर्शन संच ज्या कंपनीने घरोघर पोहोचविले, तिचे नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना याच चितेगावात होता.

आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले ते १९८२ साली, आणि त्याला तातडीचे निमित्त झाले दिल्लीच्या आशियाई खेळांचे. पुढच्याच वर्षी भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या दशकात संचांचा धंदा जो फोफावला त्यात रामायण-महाभारत या मालिकांचा वाटा मोठा होता, हे कोण नाकारील? पण मालिका संपते. खेळाचा हंगाम दर वर्षी नव्याने येतो. संच बनविणाऱ्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती.

२००९ साली व्हिडिओकॉनने डी-टू-एच ही डिशची सेवा काढली. इतकेच नव्हे, तर सेवेची पेटी संचातच बसवून तो संच विकावयास आणला. संच आणि सेवा एकमेकांस बांधून देण्याचा हा उद्योग म्हणजेच आपल्या विषयाचे मूळ. पुढे २०१८ च्या मार्चमध्ये ही सेवा डिश टीव्ही या कंपनीत विलीन झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये व्हिडिओकॉनचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे दाखल झाले. संच करणारे बुडाले, सेवा मात्र दुसऱ्याच्या घरात नांदत राहिली.

अशी दोन घरे एक का होतात? उपग्रहाचे भाडे, यंत्रसामग्री, कार्यक्रमांचे हक्क यांवर होणारा खर्च ग्राहक एक लाख असले तरी करावाच लागतो आणि एक कोटी असले तरी फारसा वाढत नाही. म्हणून ग्राहक जितके अधिक, तितका प्रत्येकाच्या डोक्यावरचा बोजा हलका. शिवाय वाहिन्यांशी भाव करताना मोठ्या घराचा शब्द वजनदार ठरतो. यात पाप काही नाही. प्रश्न उभा राहतो तो वर्गणीच्या जुडीपाशी. लोक तिला पॅक म्हणतात.

ही जुडी कशी चालते, ते एका हिशेबाने पाहू. एका घरी क्रिकेटची वाहिनी ४० रुपयांची वाटते आणि मालिकांची १० रुपयांची. शेजारच्या घरी नेमके उलटे. वाहिन्या सुट्या विकल्या तर विकणारा प्रत्येकीस ४० रुपये मागेल. दोन्ही घरांतून मिळून त्यास ८० रुपये येतील. आता त्याने दोन्हींची जुडी ५० रुपयांस ठेवली तर दोन्ही घरे ती घेतील आणि त्याच्या पदरी १०० रुपये पडतील. घरांचे काय झाले? प्रत्येकाने १० रुपये अधिक दिले, आणि त्यास तितक्याच किमतीची वाटणारी दुसरी वाहिनी मिळाली. म्हणजे जुडी ही मुळातच लबाडी आहे, असा जो आपला समज असतो तो खरा नव्हे.

लबाडीला जागा होते ती तेव्हा, जेव्हा जुडीत एक जिन्नस असा असतो की जो सर्वांनाच हवा आणि दुसरीकडे कोठेच मिळत नाही. भाजीवाल्याने मेथीबरोबर वाळलेला पाला गळ्यात मारला तर आपण पुढच्या गाड्याकडे जातो. पण बाजारात मेथीचा गाडाच एक असेल तर? क्रिकेटचा सामना ही अशी मेथी आहे. चित्रपट आज न पाहिला तरी उद्या पाहता येतो. सामना उद्या पाहण्यात अर्थ नाही. निकाल सकाळच्या वर्तमानपत्रात येऊन बसलेला असतो. ती वेळ चुकवून चालत नाही, हे वसंत व्याख्यानमालांच्या चालकांस कोणी सांगावयास नको. आय.पी.एल.ही त्यांच्याच ऋतूत भरते, आणि पुढच्या रांगांतील रिकाम्या खुर्च्या बरेच काही बोलतात!

या तातडीची किंमत किती? २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या आय.पी.एल.चे हक्क २०२२ च्या लिलावात ४८,३९० कोटी रुपयांस गेले. भारतात दूरदर्शन संचावर सामने दाखविण्याचा हक्क स्टारने घेतला. त्याचा भाव पडला दर सामन्यास साडेसत्तावन्न कोटी. मोबाइलवर, म्हणजे इंटरनेटवरून, दाखविण्याचा हक्क रिलायन्सच्या व्हायाकॉम-१८ कडे गेला. या दुसऱ्या घराने २०२३ साली जिओसिनेमा या ॲपवर सारे सामने फुकट दाखविले. संचावर वर्गणी आणि मोबाइलवर फुकट, अशी ही झुंज होती, आणि प्रेक्षकांची चंगळ होती. ती दोन हंगाम टिकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही घरे एक झाली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची दोन ॲपे मिळून जिओहॉटस्टार झाले. त्या वर्षीच्या हंगामात सामन्याची चव थोडा वेळ फुकट, पुढे वर्गणी. सर्वांत स्वस्त वर्गणी तीन महिन्यांस १४९ रुपयांची होती. किंवा मग जिओचे २९९ वा अधिक रुपयांचे मोबाइल रिचार्ज घ्यावे आणि ॲप त्याच्या पोटात मिळवावे. चितेगावात संचाच्या पोटात सेवा होती. आता फोनच्या रिचार्जच्या पोटात सामना आहे.

१४९ रुपये ही रक्कम मोठी नाही, असे कोणी म्हणेल. आमचा आक्षेप रकमेस नाही. त्या रिचार्जमध्ये सामन्याचे किती आणि बोलण्याचे किती, हे घेणाऱ्यास कळत नाही, हा आक्षेप आहे.

केबल व डिशच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे एकदा हाताळला गेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ च्या फेब्रुवारीपासून सक्ती केली की प्रत्येक सशुल्क वाहिनीची सुटी किंमत जाहीर करावी, आणि १९ रुपयांहून महाग वाहिनी जुडीत घालू नये. गंमत अशी की स्टार स्पोर्ट्सच्या पहिल्या वाहिनीची किंमत मग बरोबर १९ रुपये ठेवली गेली. तरीही सुटी घेण्याची वाट उघडली, हे काही थोडे नव्हे. ॲपांस हा नियम लागू नाही.

विलीनीकरणास संमती देताना भारतीय स्पर्धा आयोगानेही जुडीचा विचार केला, पण तो जाहिरातदारांच्या बाजूने. आय.पी.एल., आयसीसी आणि बीसीसीआय यांच्या सामन्यांतील जाहिरातींच्या जागा एकमेकींस बांधून विकणार नाही, असे वचन कंपन्यांकडून घेतले गेले. साबण विकणाऱ्यास जे संरक्षण मिळाले ते साबण विकत घेणाऱ्यास का मिळू नये, हे आम्हांस उमगलेले नाही.

प्रेक्षकाचा म्हणून काही हक्क आहे, हे आपल्या न्यायालयांनी पूर्वीच मान्य केले आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवलेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस देणे बंधनकारक झाले, आणि त्यामुळेच भारतीय संघाचे एकदिवसीय सामने दूरदर्शनच्या फ्री डिशवर वर्गणीवाचून दिसू शकतात. पण २०१७ मध्ये न्यायालयाने ती सवलत दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतीच राखली. तेच प्रक्षेपण केबलवाल्याने पुढे दाखवावयाचे नाही. शिवाय हा कायदा उपग्रह आणि मनोऱ्यांच्या काळातला. फोनवर सामना पाहणारा तरुण त्याच्या नजरेत कोठून असणार?

फुटून पुन्हा दोन घरे व्हावीत, अशी आमची मागणी नाही. एकाच वर्गणीत पुष्कळ मिळणे सोयीचे असते. मात्र जुडीशेजारी सुट्या सामन्याची किंमत लिहिलेली असावी, ट्रायने वाहिन्यांस जे लावले ते ॲपांसही लावावे, एवढे मागण्यास आता वेळही आहे. आय.पी.एल.चे चालू हक्क २०२७ च्या हंगामाबरोबर संपतील. मागच्या लिलावात ज्या दोन घरांनी एकमेकांवर चढाओढीने बोली लावली, ती दोघे पुढच्या लिलावास एकाच खुर्चीत बसलेली असतील.