सिंहासन, सारा आणि बाईचं मत

नीरेच्या डाव्या तीरावरचे बारामती आणि इंदापूर हे तालुके स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटिश मुलुखात होते. बारामतीसमोर, नदीपलीकडे नाईक-निंबाळकरांचं फलटण संस्थान. ज्या भाटघर धरणाच्या पाण्यावर इकडचा ऊस वाढला, ते धरण भोर संस्थानच्या पंतसचिवांच्या हद्दीत. राजे दोन्हीकडे होते. बारामतीकरांचा राजा तेवढा लंडनला बसे.

त्या लंडनच्या तख्तावर १८३७ ते १९०१ एक बाईच होती. पण व्हिक्टोरिया राणीला बायकांच्या हक्कांची चळवळ हा निव्वळ वेडेपणा वाटे आणि १८७० मध्ये तिनं तसं पत्रातून कळवलंही होतं. नीरा डावा कालव्याकाठचा शेतसारा जिच्या सरकारात जमा होई, तिच्याकडून इथल्या शेतकरणीला मताची आशा करण्याजोगं काहीच नव्हतं.

मराठी राजघराण्यांत मात्र वेगळा आवाज उठला. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड या माहेरच्या देवासच्या घाटगे. भारतीय जीवनातलं स्त्रीचं स्थान हा विषय घेऊन १९११ मध्ये त्यांनी एका सहलेखकाबरोबर लंडनमध्ये इंग्रजी ग्रंथ छापला. त्याच वर्षी जूनमध्ये, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं मताधिकारवादी स्त्रियांनी लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक काढली आणि तीत साड्या नेसलेल्या मोजक्या भारतीय स्त्रियाही चालल्या. पुढे जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी चिमणाबाईच होत्या. परिषदेचा पहिला विषय शिक्षण होता. मताधिकाराचा लढाही पुढे तिनं हाती घेतला.

महाराणीच्या शब्दाला वजन होतं, पण मत मिळवलं ते प्रजेतल्या बायकांनी, आणि हे श्रेय त्यांना पुरेसं दिलं जात नाही. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन स्त्रियांच्या मताधिकारासाठी साक्ष देऊन आल्या. पार्लमेंटनं तरीही स्वतः निर्णय घेतला नाही, प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोडला. मग पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे मुंबई इलाख्यातल्या मोहिमेच्या पुढे झाल्या. १९२१ मध्ये मद्रासनं वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी मुंबईनंही.

कागदावर स्त्री-पुरुष समान झाले. पण मतदार व्हायला खेड्यात ठरावीक शेतसारा भरणारी जमीन नावावर लागे, आणि बागायती असो की जिरायती, जमीन नवऱ्याच्या, दिराच्या, सासऱ्याच्या नावावर. पहाटेपासून रानात राबणारी बाई मतदार यादीत येणार कुठून? १९३५ च्या कायद्यानं साक्षर स्त्रियांना आणि पात्र पुरुषांच्या बायका-विधवांना यादीत घेतलं. म्हणजे पुष्कळ जणींचं मत अजून कुंकवाच्या धन्याच्या मिळकतीवरच उभं होतं.

८ मार्च १९४८ ला भोर आणि फलटण संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानं सारा, शिक्षण, नवरा या सगळ्या अटी संपल्या. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानाकडच्या.

आज बारामती, इंदापूर आणि एकेकाळचं संस्थानी भोर एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. २०२४ मध्ये तिथली मुख्य लढत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या दोन स्त्रियांत झाली. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या.

मताला जमिनीपासून सुटायला १९५० उजाडलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली, आणि तलाठ्याकडे नोंद लावायची वेळ आली की भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी नीरेच्या दोन्ही काठांवर अजूनही भेटतात.